घाटात जुनी जीप का तापते? बिघाड असा ओळखा

वाईहून पसरणी घाट चढताना जुन्या जीपचा टेंपरेचर काटा लाल खुणेकडे सरकला, की अनेक जण थेट रेडिएटर बदलायला निघतात. त्याआधी एवढंच बघा : गाडी नेमकी कधी तापते?

फक्त घाटात, कमी वेगात : हवा कमी पडतेय. फॅनबेल्ट ढिला आहे का, रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलाय का, ते तपासा.

हायवेवर वेगातही : पाणी नीट फिरत नसावं. जत, आटपाडीसारख्या भागात बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं, तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. वॉटर पंपही बघा.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो.

गळती नाही, तरी पाणी कमी होतं : रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. गाडी पुढे दामटू नका.

रेडिएटरचं झाकणही तपासा. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण आत दाब धरतं, म्हणून पाणी उशिरा उकळतं. त्याचं रबर खराब झालं, की हा फायदा जातो.

गाडी तापलीच, तर बाजूला घेऊन बंद करा. गरम झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. गार पाणीही लगेच ओतू नका. तापलेलं हेड तडकलं, तर शंभर-दोनशेच्या बेल्टवरून गोष्ट थेट इंजिनकामावर जाते.