बागेत पुरून ठेवलेलं पुस्तक

साधेपणानं राहणाऱ्याला महिन्याला जास्तीत जास्त शंभर रुपये लागतील, कदाचित निम्म्यातही भागेल. आश्रमातलं साधं शाकाहारी जेवण मानवत असेल, तर राहण्या-जेवणाचा खर्च काहीच नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे मात्र जवळ हवेत. जमेल तितक्या लवकर यावं, म्हणजे थंडीचे दिवस मिळतील...

१ नोव्हेंबर १९३४ च्या पत्रात महात्मा गांधींनी हा रोखठोक हिशेब लंडनमधल्या एका परदेशी तरुणाला कळवला होता. मुंबईचं काँग्रेस अधिवेशन आटोपून गांधीजी तेव्हा नुकतेच वर्ध्याला आले होते. आपण तुरुंगाबाहेर आणि एका जागी असलो, तरच तुम्हाला आपल्याजवळ राहता येईल, असंही त्यांनी त्याला बजावलं होतं.

हा तरुण म्हणजे डीट्रिश बॉनहोफर. वय अठ्ठावीस, जर्मन प्रॉटेस्टंट पाळक. जर्मनीत हिटलरची सत्ता येऊन पावणेदोन वर्षं झाली होती. या सत्तेपुढे ख्रिस्ती माणसानं उभं कसं राहायचं, हातात शस्त्र न घेता लढायचं कसं, हे त्याला गांधीजींजवळ राहून शिकायचं होतं. त्याचं मूळ पत्र दिल्लीत जपलेल्या कागदपत्रांत अभ्यासकांना सापडलं, तेही अगदी अलीकडच्या वर्षांत!

वर्ध्याला येणं मात्र त्याच्या नशिबी नव्हतं. मायदेशातून बोलावणं आलं आणि तो परतला. पुढच्या दहा वर्षांत त्यानं जे लिहिलं, ते आज जगभरच्या ख्रिस्ती पाठशाळांत अभ्यासलं जातं. श्रद्धा, शील आणि चर्चचं पुढारपण या विषयांवर ख्रिस्ती पुस्तकांना तोटा नाही. त्यातली बरीचशी वाचायला सोपी आणि विसरायला त्याहून सोपी असतात. बॉनहोफरच्या पुस्तकांचं तसं होत नाही. त्यानं कागदावर लिहिलेल्या प्रत्येक वाक्याची वसुली नंतर त्याच्याकडूनच झाली.

१९०६ साली ब्रेस्लाऊ शहरात जन्मलेला हा मुलगा आठ भावंडांतला. वडील कार्ल बॉनहोफर बर्लिनचे नामवंत मनोविकारतज्ज्ञ. घर सुशिक्षित, संगीताचं वेड असलेलं, पण चर्चच्या वाऱ्या करणारं नव्हे. डीट्रिशनं लहानपणीच आपण धर्मशास्त्र शिकणार असं जाहीर केलं, तेव्हा थोरल्या भावांनी त्याची थट्टा केली. चर्च म्हणजे मरगळलेली संस्था, तिच्यात कसला जातोस? मग तिला मी सुधारीन, असं या पोरानं सुनावलं म्हणतात. एकविसाव्या वर्षी तो डॉक्टरेट मिळवून मोकळा झाला होता.

या घरातल्या आजीची ओळख करून घ्यायलाच हवी. १ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. दारोदार गणवेशातले पहारेकरी. नव्वदीतल्या ज्युली आजीबाई त्यांच्या कड्यातून सरळ चालत ज्यूंच्या दुकानात शिरल्या आणि खरेदी करून बाहेर पडल्या. नातवानं हिंदुस्थान पाहावा, हेही याच आजीनं काही वर्षांपूर्वी सुचवलं होतं.

नातू मात्र त्याच महिन्यात कमी पडला. त्याच्या जुळ्या बहिणीचा, साबीनचा नवरा ज्यू कुळातला. त्याचे वडील वारले, तेव्हा अंत्यविधी डीट्रिशनं करावा, अशी घरच्यांची इच्छा होती. मृत गृहस्थांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. डीट्रिशनं वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि नकार दिला. काही महिन्यांनी त्यानं बहिणीला आणि मेहुण्याला लिहून माफी मागितली. आपण इतके कसे घाबरलो, हे त्याचं त्यालाच कळेना. त्याच्या चरित्रातलं हे पान पुष्कळ जण घाईनं उलटतात, पण पुढचं सगळं समजायला ते फार उपयोगी पडतं. शीलावर अधिकारानं लिहिणाऱ्या या माणसाला भीतीची चव माहीत होती.

आणि हे त्याच माणसाकडून झालं, ज्यानं दोनच महिन्यांपूर्वी रेडिओवरून पुढाऱ्यांचे कान उपटले होते! हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला. १ फेब्रुवारीला बॉनहोफरचं भाषण झालं. विषय होता नेता आणि तरुण पिढी. अनुयायांना जो स्वतःचं दैवत बनवू देतो, तो वाट दाखवणारा उरत नाही, वाट चुकवणारा होतो, असा त्याचा रोख होता. भाषण संपण्याआधीच प्रक्षेपण थांबलं. ते कुणी मुद्दाम तोडलं की वेळ संपली म्हणून बंद झालं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

हिटलरच्या राज्यात चर्चलाही नाझी रंग चढू लागला. ज्यू रक्ताच्या पाळकांना काढून टाका, अशी मागणी चर्चच्या आतूनच उठली. ज्यांना हे मान्य नव्हतं, त्यांनी १९३४ साली बार्मेन गावी जमून आपली भूमिका जाहीर केली आणि ‘कन्फेसिंग चर्च’ उभं राहिलं. या चर्चला स्वतःचे पाळक तयार करायचे होते. त्या पाठशाळेसाठीच बॉनहोफरला लंडनहून बोलावलं गेलं.

१९३५ साली बाल्टिक किनाऱ्याजवळच्या स्टेटिन शहरालगत, फिंकेनवाल्डे इथं ही पाठशाळा स्थिरावली. पोरं विद्यापीठातून पदव्या घेऊन आलेली, वादविवादात तरबेज. पण इथलं वेळापत्रक वेगळंच. सकाळी प्रार्थना, मग अर्धा तास मौन. बायबलमधला एकच उतारा आठवडाभर समोर ठेवून त्यावर चिंतन. बरेच जण सुरुवातीला कुरकुरले, त्या अर्ध्या तासात करायचं काय, हेच त्यांना कळेना! दुपारी खेळ, संध्याकाळी पियानो. न्यूयॉर्कला शिकत असताना हार्लेमच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या चर्चमध्ये ऐकलेल्या भजनांच्या तबकड्याही तो विद्यार्थ्यांना ऐकवायचा.

सुरुवातीचीच गोष्ट. स्वयंपाकघरातून निरोप आला, भांडी घासायला मदत हवी. जेवणाच्या टेबलावरचं कुणीच जागचं हललं नाही. बॉनहोफर एक शब्द न बोलता उठला आणि स्वयंपाकघरात गेला. मग ओशाळलेली पोरं धावली, पण त्यानं त्यांना आत घेतलंच नाही. भांडी एकट्यानं घासली आणि बाहेर आल्यावर त्यावर चकार शब्द काढला नाही.

तिथला आणखी एक नियम तर कुठल्याही एकत्र कुटुंबात भिंतीवर लावावा असा. जो समोर नाही, त्याच्याबद्दल बोलायचं नाही. बोललं गेलंच, तर त्याला स्वतः जाऊन सांगायचं. हा नियम रोज मोडायचा, हे उघड आहे. पण मोडल्यावर काय करायचं, तेही नियमातच असल्यानं त्याचा धाक टिकून राहिला.

१९३७ च्या शरदात गेस्टापोनं, म्हणजे गुप्त पोलिसांनी पाठशाळेला टाळं ठोकलं. तिथल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना अटक झाली. त्याच वर्षी त्याचं ‘अनुसरण’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक निघालं. इंग्रजी वाचकांना ते ‘द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप’ म्हणून माहीत आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा अर्थ लावणाऱ्या या पुस्तकातला सर्वांत गाजलेला विचार म्हणजे ‘स्वस्त कृपा’. देव क्षमाशील आहे, तो सांभाळून घेतोच, मग आपण बदलायचं कशाला, अशी ही सोयीची समजूत. आपल्याकडे ‘करून करून भागला आणि देवपूजेला लागला’ असं म्हणतात. बॉनहोफरचा बाण त्याच्याही पुढे जातो. त्याचा राग भागलेल्यावर नाही. न भागता, पुन्हा तेच करायच्या तयारीनं, दर रविवारी क्षमेची पावती घेऊन जाणाऱ्यावर आहे आणि ती पावती फाडून देणाऱ्या चर्चवर तर त्याहून जास्त.

पुढच्या वर्षी साबीनच्या कुटुंबाला जीव वाचवण्यासाठी देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. गोटिंगेनमधल्या तिच्या रिकाम्या घरात बसून भावानं चारेक आठवड्यांत एक छोटं पुस्तक हातावेगळं केलं. पाठशाळा बंद पडली होती. तिथल्या सहजीवनात जे शिकायला मिळालं, ते तरी कागदावर राहावं, हा हेतू. ‘एकत्र जीवन’ अशा अर्थाचं हे पुस्तक १९३९ मध्ये छापलं गेलं. चर्चच्या पुढाऱ्यांसाठी यात कडू औषध भरपूर आहे. आदर्श मंडळीचं स्वप्न उराशी धरून येणारा पुढारी समोरच्या खऱ्या माणसांवर चिडू लागतो आणि शेवटी त्याच मंडळीचा घात करतो, असं तो बजावतो. दुसऱ्याचं ऐकून घेणं ही पहिली सेवा. पाळकांना मात्र सतत बोलण्याची खोड असते, हेही तो सांगतो.

१९३९ च्या जूनमध्ये हितचिंतकांनी त्याला न्यूयॉर्कला सुखरूप पोचवलं. तिथं त्याला झोप लागेना. या काळाची झळ आपल्या माणसांबरोबर सोसली नाही, तर युद्धानंतर देश सावरायला हात लावण्याचा आपल्याला हक्क राहणार नाही, असं कळवून जुलैमध्ये तो माघारी फिरला. दोन महिन्यांच्या आत युद्ध पेटलं.

यानंतरचा बॉनहोफर भल्याभल्यांना बुचकळ्यात टाकतो. गांधीजींकडे अहिंसा शिकायला निघालेला हा माणूस मेहुणा हान्स फॉन डोनानी याच्या मदतीनं लष्करी हेरखात्यात शिरला आणि हिटलरला संपवण्याच्या कटात सामील झाला. खोटं बोलावं लागलं, दुहेरी आयुष्य जगावं लागलं. याच खात्याच्या आडून चौदा जणांना, बहुतेक ज्यूंना, स्वित्झर्लंडला सुखरूप पोचवण्यात आलं. आपले हात स्वच्छ आहेत, असा दावा त्यानं कधीच केला नाही. दुसऱ्यांसाठी दोष अंगावर घ्यावा लागतो आणि त्याचा न्याय देवावर सोपवावा लागतो, असं तो ‘एथिक्स’ या अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथात मांडत होता. १९४२ च्या नाताळात त्यानं साथीदारांसाठी एक टिपण लिहिलं. दुष्टपणापेक्षा मूर्खपणा अधिक घातक, कारण सत्तेच्या जोरापुढे चांगली बुद्धीची माणसंही स्वतःचा विचार करणं सोडून देतात, हा त्यातला विचार. टिपणाची एक प्रत आईवडिलांच्या घराच्या छपरात, वाशांखाली दडवलेली होती.

५ एप्रिल १९४३ ला त्याला अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून तो आपला विद्यार्थी आणि जिवलग मित्र एबरहार्ड बेथगे याला पत्रं लिहू लागला. बेथगेचं लग्न डीट्रिशच्या भाचीशी, रेनाटेशी मे महिन्यात झालं. मामानं कोठडीत बसून लग्नाचं प्रवचन लिहिलं, पण ते मुहूर्ताला पोचलंच नाही! एक भला पहारेकरी पुढं चोरून पत्रांची ने-आण करू लागला. बेथगे सैन्यात इटलीला गेला, तेव्हा आलेली पत्रं तो रेनाटेकडे पाठवायचा. विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे ठेवायच्या डब्यांत ती घालून बर्लिनमधल्या माहेरच्या बागेत पुरली गेली.

या पत्रांतला बॉनहोफर स्वतःच्या पुस्तकांनाही सोडत नाही. ‘अनुसरण’मध्ये आपण प्रयत्नानं संत बनायला निघालो होतो, त्या पुस्तकाचे धोके आता दिसतात, असं तो जुलै १९४४ मध्ये लिहितो, पण लिहिलेलं मागेही घेत नाही. आदल्याच दिवशी हिटलरवरचा बॉम्बहल्ला फसल्याची बातमी त्याला कळलेली होती. आपलं काय होणार, याची त्याला कल्पना होती.

तरीही सुटकेची एक फट होती. तोच पहारेकरी त्याला घेऊन पळून जायला तयार होता. घरच्यांनी कामगाराचे कपडेही पोचवले होते. तेवढ्यात थोरला भाऊ क्लाउस पकडला गेला. आपण पळालो तर भावावर आणि घरच्यांवर सूड उगवला जाईल, म्हणून बॉनहोफरनं बेत सोडून दिला. बेथगेलाही ऑक्टोबरमध्ये अटक झाली. जवळ असलेली शेवटची काही पत्रं त्यानं तेवढ्यात नष्ट केली. ती कायमचीच गेली.

९ एप्रिल १९४५ च्या पहाटे फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत बॉनहोफरला फाशी देण्यात आलं. वय एकोणचाळीस. दोन आठवड्यांनी अमेरिकन फौजा तिथं पोचल्या. क्लाउस आणि दोन मेहुणेही त्याच एप्रिलमध्ये मारले गेले. बर्लिनमधल्या म्हाताऱ्या आईवडिलांना डीट्रिशची पक्की खबर लागली ती जुलै अखेर, लंडनच्या एका चर्चमधली त्याची स्मरणप्रार्थना रेडिओवर ऐकताना.

बेथगे वाचला. त्यानं मित्राचे कागद गोळा केले, १९४९ मध्ये ‘एथिक्स’ आणि १९५१ मध्ये तुरुंगातली पत्रं छापली. बागेत पुरलेली ही पत्रंच पुढे त्याचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक ठरली.

एक पुडकं मात्र बेथगेच्याही हाती नव्हतं. अटकेच्या तीनच महिने आधी बॉनहोफरनं मारिया फॉन वेडेमायर या अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न ठरवलं होतं. दोघांच्या भेटी झाल्या त्या तुरुंगात, पहाऱ्यात. त्याची पत्रं मारियानं अमेरिकेत सांभाळली. १९७७ मध्ये ती वारली आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९९२ साली, तिच्या बहिणीच्या पुढाकारानं दोघांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपानं आला. नावात पत्ताही आहे, कोठडी क्रमांक ९२.