पाऊल मुलाचे, दान कोणाचे?

व्यापारी घराला दान नवे नाही. पांजरपोळीचा चारा, रुग्णालयातील खाट, होतकरू विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हे सारे पाहतच मुले वाढतात. मात्र त्यांच्या दृष्टीस पडते ती पेढीवर फाडलेली पावती आणि धनादेशावरची वडिलांची सही. दानासाठी देहही झिजवावा लागतो, हा अनुभव त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. म्हणूनच निधीसाठी निघणाऱ्या डोंगरवाटेच्या पदयात्रांत अनेक पालक मुलांची नावे हौसेने घालतात. आप्तेष्टांकडून दर किलोमीटरमागे ठरावीक रकमेचा शब्द घ्यायचा आणि चालून आल्यावर ती रक्कम संस्थेकडे भरायची, अशी ही साधी रीत आहे.

दहा वर्षांचे मूल "मी येणार नाही" म्हणते, तेव्हा खरी कसोटी लागते. आजोबांनी रक्कम कबूल केलेली असते, मामा-काकांत बातमी पोहोचलेली असते. मग धाक, आमिष आणि शेजारच्या मुलाशी तुलना सुरू होते. मूल कदाचित चढेलही. परंतु करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेत एक प्रश्न उरतोच. भावाशिवाय उचललेल्या त्या पावलांचे दान कोणाच्या खाती जमा व्हावे? मुलाच्या पायांनी वडीलधाऱ्यांची प्रतिष्ठा गड चढली, एवढेच कदाचित घडलेले असते.

नकारामागे बहुधा आळस नसतो. मागे पडण्याची लाज, धाप लागण्याची धास्ती, अनोळखी मुलांचा संकोच किंवा चावणारा नवा बूट, असे काही साधे कारण असते. ते शांतपणे विचारावे आणि खरे मानावे. पुण्याजवळच्या सिंहगडाचेच उदाहरण घेतले, तर आतकरवाडीहून जाणारी पायवाट तीन किलोमीटरहून कमी आहे. मात्र त्यात सुमारे ६०० मीटरचा चढ आहे. एवढा चढ आधी सराव न करता मुलाच्या माथी मारणे योग्य नव्हे. महिनाभर आधी जवळच्या टेकडीवर आठवड्यातून दोनदा जावे. दिवस हिवाळ्याचे निवडावेत. पावसाळ्यात वाटेवर जीवजंतू फार, आणि त्या काळात साधू-साध्वीही विहार थांबवतात. झोळीत उकळून गार केलेले पाणी, खाकरा आणि राजगिऱ्याची चिक्की असली, की कांदाभजीच्या टपरीपाशी मुलाची कुचंबणा होत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे, या हिशेबाने परतीची वेळ ठरवावी.

चढताना शिखर दाखवून मुलाला धीर येत नाही, उलट दडपण येते. इथे ईर्यासमितीची शिकवण उपयोगी पडते. पुढची साडेतीन-चार हात जमीन पाहत, जीव सांभाळत पाऊल टाकावे, असे ती सांगते. मुंग्यांची रांग कुठे आहे, सुरवंट कुठे आहे, हे सांगण्याचे काम मुलाकडे दिले, की ते ओढले जाणारे ओझे न राहता वाटेचे राखणदार होते. देणगीदारांची वहीही त्याच्याच हाती असावी. निधी कोणत्या कामासाठी, हे त्यानेच निवडावे आणि शब्दही त्यानेच मागावा.

आणि मध्येच परतावे लागले तर? कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाने कर्करोगात एक पाय गमावल्यावर, संशोधनाच्या निधीसाठी १९८० मध्ये देश पायी ओलांडण्याचे ठरवले. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. पश्चिमेचा समुद्रकिनारा त्याला गाठता आला नाही. तरीही प्रत्येक देशवासीयामागे एक डॉलर हा त्याचा संकल्प, जून १९८१ मधील त्याच्या निधनापूर्वीच पूर्ण झाला. अपुरी राहिलेली वाट म्हणजे बुडीत खाते नव्हे.

म्हणून निघण्यापूर्वीच घरात ठरावे: जेवढे चालणे होईल, तेवढ्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा आणि परतणाऱ्याला कोणी टोमणा मारायचा नाही. एकच किलोमीटर चालून झाला, तर वहीत एकच लिहावा. ती रक्कम मुलाने स्वतःच्या हाताने संस्थेत भरावी आणि पावती त्याच्या नावाने घ्यावी. पुढच्या वर्षी यायचे की नाही, हेही त्यालाच विचारावे.