आधी दार कुणाचे ठोठवावे : जवळच्या डॉक्टरांचे की तातडीच्या विभागाचे?

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांना जोडणाऱ्या सुमारे वीस किलोमीटरच्या रस्त्यावर उत्तर कर्नाटकातील वैद्यकीय सेवेची जवळजवळ सर्व रूपे पाहावयास मिळतात. हुबळीच्या विद्यानगरात १९५७ साली सुरू झालेल्या आणि आजही 'किम्स' याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पुढे नवनगरात कर्करोग रुग्णालय आणि सत्तूर येथे एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लागते. याच मार्गावरील भैरिदेवरकोप्प येथे १४ डिसेंबर २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते 'नम्म क्लिनिक' योजनेचा प्रारंभ झाला. 'नम्म' म्हणजे आपले. त्या दिवशी राज्यभर असे शंभराहून अधिक दवाखाने सुरू झाले. योजना एकूण ४३८ दवाखान्यांची होती.

एक डॉक्टर, एक परिचारिका, एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि मोफत तपासण्या व औषधे, असे या दवाखान्याचे साधे स्वरूप. ताप, खोकला, रक्तदाब, मधुमेह यांसाठी शहरातील गरिबांना मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत दिवस घालवावा लागू नये, हा त्यामागील हेतू. दिल्लीतील मोहल्ला क्लिनिक, तेलंगणातील बस्ती दवाखाना आणि महाराष्ट्रातील 'आपला दवाखाना' हे याच विचाराचे प्रयोग होत. तथापि दवाखाना उघडल्याने अर्धाच प्रश्न सुटतो. कोणत्या दुखण्यासाठी येथे यावे आणि कोणत्या दुखण्यासाठी येथे क्षणभरही न थांबता पुढे जावे, हे रुग्णाच्या घरच्यांनाच ठरवावे लागते.

गोव्यातील वाचकांनाही हा प्रश्न परका नाही. धारवाडच्या विद्यापीठांत आणि आयआयटीत शिकणारी मुले, व्यापारासाठी हुबळीस जाणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि परक्या शहरात त्यांचा ओळखीचा डॉक्टर नसतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील अत्यवस्थ रुग्णांनाही हुबळी, मंगळूर किंवा बांबोळीची वाट धरावी लागते. इतक्या लांबच्या प्रवासात पहिला निर्णय चुकला, तर गमावलेला वेळ भरून काढता येत नाही.

दोन प्रश्न

निर्णय घेताना स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. पहिला : या दुखण्याने येत्या काही तासांत प्राण किंवा एखादा अवयव जाण्याचा संभव आहे काय? दुसरा : हे दुखणे समजण्यास रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक असणे आवश्यक आहे काय? पहिल्याचे उत्तर 'होय' किंवा 'सांगता येत नाही' असे असेल, तर तातडीचा विभाग गाठावा. ते ठामपणे 'नाही' असेल आणि दुसऱ्याचे 'होय', तर नेहमीच्या डॉक्टरांइतका योग्य माणूस दुसरा नाही. तातडीच्या विभागातील डॉक्टर रुग्णाला त्या रात्रीपुरते पाहतात. नेहमीचे डॉक्टर गेल्या वर्षीची साखर, बदललेली गोळी, घरातील हृदयविकाराचा इतिहास असे सर्व जाणून असतात.

विलंब नको

छातीत दडपण येणे, वेदना हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, दरदरून घाम, अकस्मात धाप; चेहरा एका बाजूस वाकडा होणे, हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे; शुद्ध हरपणे, पाच मिनिटांहून अधिक काळ टिकणारा झटका; न थांबणारा रक्तस्राव, डोक्याला मार लागून उलट्या होणे; सर्पदंश, विषबाधा; गरोदरपणातील रक्तस्राव; अंगावर पिणे सोडून निपचित पडलेले तान्हे बाळ. या प्रत्येक प्रसंगी १०८ क्रमांकास पाचारण करावे. कर्नाटकात आणि गोव्यात ही रुग्णवाहिका सेवा २००८ सालीच सुरू झाली आहे.

सर्वाधिक घात होतो तो छातीतील दुखण्याला 'गॅस' समजल्याने. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा ठळक नसतात. केवळ थकवा, मळमळ किंवा धाप एवढेच जाणवते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेऊन घरी परतणे धोक्याचे ठरते. तेथे ईसीजीची सोय असेल आणि तो तत्काळ निघत असेल, तरच थांबण्यात अर्थ आहे. पक्षाघाताच्या बाबतीत तर दवाखान्यात थांबूच नये. मेंदूतील गाठ विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्यापूर्वी सीटी स्कॅन आवश्यक असतो. म्हणून स्कॅनची सोय असलेले रुग्णालय थेट गाठावे आणि लक्षणे नेमकी किती वाजता दिसली, ते लक्षात ठेवावे.

सर्पदंश झाल्यास अवयव घट्ट बांधू नये, जखम कापू नये. दंश झालेला भाग न हलवता प्रतिविष मिळेल असे रुग्णालय गाठावे.

आजच, पण धावपळीविना

या दोहोंमध्ये दुखण्यांचा एक मोठा वर्ग आहे : टाके घालावे लागतील अशी जखम, मुरगळलेला किंवा मोडला असावा असा वाटणारा हात, कुत्र्याचा चावा, मुलाच्या वारंवार होणाऱ्या उलट्या. अमेरिकेत अशा रुग्णांसाठी 'अर्जंट केअर' नावाची वेगळी केंद्रे असतात. आपल्याकडे हे काम प्राथमिक व सामुदायिक आरोग्य केंद्रे, तालुका रुग्णालये आणि छोटी नर्सिंग होम्स करतात. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

साधा ताप, सर्दी, लघवीची जळजळ, जुनी सांधेदुखी, त्वचेचे विकार, रक्तदाब व साखरेची तपासणी ही कामे मात्र नेहमीच्या डॉक्टरांची. ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर रक्त तपासावे. डेंग्यूच्या दिवसांत एक गोष्ट विशेष ध्यानात असावी : ताप उतरू लागतो, तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी दिसल्यास रुग्णालय गाठावे.

रांगेमागील शिस्त

तातडीच्या विभागात आधी आलेल्याला आधी तपासत नाहीत. ज्याच्या जिवाला धोका अधिक, त्याला आधी पाहतात. म्हणून साधा ताप घेऊन गेलेल्यास तासन् तास बसावे लागते, आणि अशांची गर्दी वाढली की अत्यवस्थ रुग्ण ओळखण्यासही विलंब होतो. उलट, खऱ्या आणीबाणीत कोणतेही रुग्णालय पैशासाठी किंवा पोलिसी सोपस्कारासाठी प्राथमिक उपचार अडवू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, प्राण वाचवण्यास प्रत्येक डॉक्टर बांधील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आपल्यासाठी

गोव्यातही चित्र फार वेगळे नाही. सर्वसाधारण दुखण्यांसाठीही गोमेकॉकडे धाव घेण्याची प्रवृत्ती आहे. छातीतील दुखण्यासाठी मात्र सकाळ होण्याची वाट पाहिली जाते. वास्तविक २०१८ साली सुरू झालेल्या 'स्टेमी गोवा' प्रकल्पामुळे परिघावरील आरोग्य केंद्रांत काढलेला ईसीजी गोमेकॉतील तज्ज्ञांपर्यंत पोहोचतो आणि गाठ विरघळवण्याचे उपचार तेथेच सुरू होऊ शकतात. ही सोय आपल्यापासून सर्वांत जवळ कोठे आहे, हे प्रत्येक घरास ठाऊक असावे.

नम्म क्लिनिकची वेळ सकाळी नऊ ते दुपारी साडेचार अशी ठरवण्यात आली. बहुतेक दवाखान्यांनाही वेळेची मर्यादा असतेच. म्हणून रात्री उघडे असणारे जवळचे रुग्णालय आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय, अशी दोन नावे आधीच लिहून ठेवावीत. चालू औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद, शेवटचा ईसीजी व डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवावे आणि त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीत असावीत. धारवाडला शिकणाऱ्या मुलाजवळही ती असू द्यावीत. ओळखीचा डॉक्टर नसलेल्या शहरात रुग्णाचा पूर्वेतिहास सांगण्याचे काम हीच कागदपत्रे करतात.