उंदराला भास होतात का?

मागच्या महिन्यात चौफुल्याजवळ एका बचत गटाच्या बैठकीत मी स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांबद्दल बोलत होते. एक मावशी मध्येच म्हणाल्या, "सिस्टर, ही औषधं आधी उंदरांवर करून बघतात म्हणं. उंदराला काय वेड लागतं व्हय? अन् लागत नसंल, तर त्याच्यावर बघून माझ्या सुनेला कशी देत्यात?" बायका हसल्या. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. उठताना कळलं की सुनेची पाळी चार महिने आली नव्हती, म्हणून मावशींनी आठवड्यापासून गोळ्या डब्यात बंद करून ठेवल्या होत्या.

तर मावशी, उंदराला स्किझोफ्रेनिया झाला असं कोणी म्हणू शकत नाही. कानात कोणी बोलतंय का, जाऊ जेवणात काही कालवते असा संशय येतो का, हे त्याला विचारणार कसं? शास्त्रज्ञ या आजाराचा एखादाच धागा प्राण्यात धरून बघतात. उदाहरण सांगते. अचानक मोठा आवाज झाला की आपण दचकतो. पण त्याच्या किंचित आधी, सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं आधी, बारीकसा आवाज झाला, तर दचकणं कमी होतं. मेंदू जणू स्वतःला सावरून घेतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या पुष्कळ माणसांत हे सावरणं कमी पडतं. हीच तपासणी उंदरावर जशीच्या तशी करता येते, कारण दचकायला भाषा लागत नाही.

पण औषध आधी उंदराला आणि मग माणसाला, असाच क्रम नेहमी असतो असं नाही. आपल्या देशातल्या सर्पगंधेची गोष्ट बघा. वैद्य तिची मुळी पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात छापले, आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळं काढलं. दोन वर्षांत अमेरिकेत नॅथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध झालं. काहींना फरक पडला. का पडला, ते मात्र सांगता येत नव्हतं.

ते कळायला ससे उपयोगी पडले. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिलं. ससे गोळा होऊन बसले, कान पडले. मग ज्यापासून शरीर डोपामाइन बनवतं ते एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे कान टवकारून इकडेतिकडे फिरायला लागले. हे १९५७ साल. डोपामाइन म्हणजे मेंदूतल्या पेशींचा निरोप नेणारं एक रसायन. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसत गेलं की वेडावरची नवी औषधं डोपामाइनचा निरोप अडवतात. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. सशांचं नाव अर्थातच कुठे आलं नाही.

आता सुनेच्या पाळीकडे येते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं. एरवी डोपामाइन त्याला लगाम घालून असतं. गोळीने डोपामाइन अडवलं की लगाम सैल होतो. मग बाळंतपण नसताना स्तनातून दूध येतं, पाळी लांबते किंवा थांबते. मादी उंदरातही या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळीसारखं तिचं चक्र बिघडतं. म्हणजे सुनेवर कोणी करणी केलेली नव्हती. पण पाळी थांबली म्हणून दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नका. आधी गर्भाची तपासणी करून घ्यायची.

अंग ताठ होणं, हात थरथरणं, चालताना पाय न उचलणं हेही याच कारणाने. प्रयोगशाळेत उंदराचे पुढचे पाय एका आडव्या दांडीवर ठेवतात. साधा उंदीर लगेच उतरतो. औषध दिलेला तसाच टेकून राहतो. एके काळी उंदीर असा ताठरला की औषध गुणकारी असं मानायचे. माझ्या मते ही मोठी चूक होती, कारण त्यामुळे ताठरवणारीच औषधं निवडली जात होती. क्लोझापिन उंदराला फारसं ताठरवत नाही, म्हणून कित्येकांना ते औषधच वाटेना. पुढे बाकीच्या औषधांनी गुण न येणाऱ्या रुग्णांना तेच लागू पडलं. मात्र ते काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी करतं. हे प्राण्यांनी नाही, माणसांनी जिवाची किंमत देऊन दाखवलं. म्हणून ते घेणाऱ्यांना सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. शिरूर-दौंडहून त्यासाठी हेलपाटे पडतात, रोज बुडतो, तरी ते टाळू नका.

गोळ्या मात्र डब्यात टाकायच्या नाहीत. एकदम थांबवल्या की भास आणि संशय परत येऊ शकतात, कधी पहिल्यापेक्षा जोरात. पाळीच्या तारखा, अंगाचा ताठरपणा, झोप, वजन, दूध येतंय का, हे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. पुष्कळ बायका दुधाचं लाजेनं सांगत नाहीत, आणि डॉक्टरही विचारायला विसरतात. मात्रा कमी करता येते, प्रोलॅक्टिन फारसं न वाढवणारी गोळीही मिळते. आणि रानातली सर्पगंधा उकळून देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरतो, मन खचतं.

त्या मावशी पुढच्या आठवड्यात डबा घेऊनच सुनेबरोबर दवाखान्यात गेल्या. दिवस गेलेले नव्हते, प्रोलॅक्टिन वाढलेलं होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली. नवऱ्याला कळू न देता विचारायचं असेल, तर टेली-मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.