डोंगरावरचं पाणी कुठे वळणार, हे कॉम्प्युटरला कसं कळतं?

कॉम्प्युटर जमिनीचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकाची उंची बघतो. जुनी डी-८ पद्धत सगळं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी एकाच, सगळ्यात तीव्र उताराच्या चौकोनात ढकलते. पण खरा उतार दोन चौकोनांच्या मधून जात असेल तर? अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीचे डेव्हिड टार्बोटन यांनी १९९७ मध्ये डी-इन्फिनिटी मांडली: दिशा कुठल्याही कोनात, पाणी दोन शेजाऱ्यांत वाटून. त्यांच्या टॉडेम या मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये ती वापरता येते.

पुढे हायड्रोशेअर उभारण्यातही ते आघाडीवर होते. तिथे संशोधक डेटा आणि मॉडेल दोन्ही ठेवतात. प्रकाशित केलं की कायमचा डीओआय मिळतो. आम्हा कोडवाल्यांना हे लगेच पटतं. कोड गिटहबवर आणि डेटा कुणाच्या तरी लॅपटॉपवर, मग रन काय करणार, कपाळ? तुमच्या घराजवळून गेलेली पूररेषा बरोबर आहे का, हे तपासायलाही तोच डेटा हातात लागतो.