मधातील खनिजे आणि फुलांची ओळख

जव्हार-मोखाड्याच्या जंगलात आग्या मोहोळाचा मध काढला जातो, तेव्हा तो कोणत्या फुलांचा हे रंग, वास आणि हंगाम यांवरून सांगण्याची रीत आहे. प्रयोगशाळेत मात्र सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजतात आणि एकाच वनस्पतीचे कण सुमारे 45 टक्क्यांहून अधिक आढळल्यास तो मध सामान्यतः त्या फुलाचा मानतात. पण बारीक गाळलेल्या मधात पराग उरत नाही, आणि अशा वेळी खनिजांचा आधार घेता येतो. झाडाची मुळे मातीतून पोटॅशियम, मॅग्नेशियम, मँगनीज ही मूलद्रव्ये आपापल्या प्रकृतीनुसार कमीअधिक शोषतात, ती मकरंदात उतरतात, आणि मध जाळल्यावर उरणाऱ्या राखेत सापडतात. ही राख फुलांच्या मधात बहुधा 0.6 टक्क्यांहून कमी असून तिच्यात पोटॅशियमचा वाटा सर्वाधिक असतो. गडद मधात ती जास्त भरते. विद्युतवाहकता, म्हणजे द्रावणातून वीज वाहू देण्याची क्षमता, हे या राखेचेच स्वस्त मोजमाप होय: आंतरराष्ट्रीय मानकानुसार काही अपवाद वगळता फुलांच्या मधात ती 0.8 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी.

खरी अडचण मातीची आहे, कारण एकाच जातीचे जांभूळ बेसॉल्टच्या डोंगरावर आणि किनाऱ्याच्या वाळूत वाढले, तर दोन्हींच्या मधातील खनिजे सारखी असतीलच असे नाही. बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात तर हवेतील धुळीचे धातूही मधात मिसळू शकतात, म्हणून तेथे शिसे किंवा जस्त यांवरून फूल ओळखणे धाडसाचे ठरेल. परागकण, साखरेचे प्रमाण आणि खनिजे एकत्र तपासूनच निष्कर्ष काढणे योग्य.