स्मारकशिलांचें प्रामाण्य : पाइक व पॉनी गांवाचा वाद

रस्त्याच्या कडेस उभारलेली स्मारकशिला हें इतिहासाचें साधन आहे काय, व असल्यास तें कोणत्या काळाचें, हा प्रश्न संग्राहकांस वारंवार पडतो. समकालीन शिलालेख आणि घटनेनंतर शंभर वर्षांनीं कोरलेला स्मारकलेख हे दोन्ही दगडावरच असल्यामुळें सामान्य वाचक दोहोंस सारखाच मान देतो. या दोहोंतील भेद किती मोठा आहे, हें अमेरिकेच्या गवताळ माळमुलखांत, म्हणजे प्रेअरींत, झालेल्या एका वादावरून चांगलें कळतें.

रिपब्लिकन नदी नेब्रास्का राज्याच्या दक्षिण सीमेलगत वाहत येऊन कॅन्सस राज्यांत शिरते. तिच्या कांठीं पॉनी लोकांच्या कित्केहाकी शाखेचीं गांवें होतीं. या शाखेस गोरे लोक 'रिपब्लिकन पॉनी' म्हणत. त्यावरून नदीस तें नांव पडलें, आणि पुढें कॅन्ससमधील एका कौंटीस, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारख्या विभागास, 'रिपब्लिक' असें नांव मिळालें.

सन 1806 च्या सप्टेंबरांत लेफ्टनंट झेब्युलन पाइक हा अमेरिकन सरकारच्या आज्ञेवरून लहानशी तुकडी घेऊन यांपैकीं एका गांवीं पोहोंचला. त्यापूर्वीं थोडेच दिवस फाकुंदो मेल्गारेस या स्पॅनिश अधिकाऱ्यानें तेथें मोठ्या फौजेनिशीं येऊन निशाण व पदकें दिलीं होतीं. 29 सप्टेंबरच्या दरबारांत पाइकनें तें निशाण उतरवून अमेरिकन निशाण चढविण्याची मागणी केली व ती मान्य झाली. मात्र पॉनींस स्पॅनिश लोकांचा रोष सोसावा लागूं नये म्हणून त्यानें उतरविलेलें निशाण त्यांस परत दिलें. हा वृत्तांत 1810 सालीं छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथांत आहे. 1807 मध्यें स्पॅनिश अधिकाऱ्यांनीं जप्त केलेले त्याचे कागद प्रा. हर्बर्ट बोल्टन यांस शंभर वर्षांनीं मेक्सिकोच्या दप्तरांत सांपडले व 1908 मध्यें प्रसिद्ध झाले.

आतां दगडाची हकीकत. 1875 च्या सुमारास एलिझाबेथ जॉन्सन या बाईंस रिपब्लिक कौंटींत पॉनी गांवाचे अवशेष आढळले. हेंच पाइकचें गांव, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनीं व त्यांच्या पतीनें ती जमीन विकत घेऊन राज्यास दान केली, आणि 1901 मध्यें तेथें ग्रॅनाइटचा उंच स्तंभ उभा राहिला. याच जागीं स्पॅनिश निशाण उतरलें, असें त्यावर निःशंकपणें कोरलें आहे. 1906 मध्यें शताब्दीचा उत्सवही तेथेंच झाला. दगड बोलला, सरकारनें शिक्का मारला, लोकांनीं मानलें.

परंतु नेब्रास्कांतील हेस्टिंग्ज गांवचे मोटारींचे व्यापारी ए. टी. हिल यांस हें पटेना. त्यांनीं रोजनिशींतील दिशा, मजला व भूमीची ठेवण प्रत्यक्ष जमिनीशीं ताडून पाहिली. सुमारें 30 मैल पश्चिमेस, नेब्रास्काच्या वेब्स्टर कौंटींत, रेड क्लाउड व गाइड रॉक या गांवांच्या दरम्यान त्यांस दुसरें पॉनी गांव सांपडलें. 1925 च्या सुमारास त्यांनीं तें शेत विकत घेतलें. उत्खननांत स्पॅनिश पदक निघालें व तें मेल्गारेसच्या भेटीशीं जुळलें. 1927 मध्यें नेब्रास्काच्या इतिहास-त्रैमासिकानें वादाच्या दोन्ही बाजू छापल्या. आज अभ्यासकांचा कौल हिल यांच्याकडे आहे. 1964 मध्यें त्यांची जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली.

यावरून कॅन्ससचा स्तंभ निरुपयोगी ठरतो काय? मुळींच नाहीं. 1806 च्या घटनेविषयीं त्याची साक्ष बखरीच्या दर्जाची आहे. परंतु 1901 सालच्या कॅन्ससकरांस कशाचा अभिमान वाटत होता, याविषयीं तो अस्सल कागदाइतका विश्वसनीय आहे. शिवाय चुकीच्या नांवानें कां होईना, एक खरें पॉनी गांव नांगरापासून वांचलें. 1967 मध्यें तेथें एका मातीच्या घराच्या तळावरच संग्रहालय उघडलें.

खरी उणीव दुसरीच आहे. दोन्ही राज्यें निशाणाच्या जागेसाठीं भांडलीं, पण ज्यांच्या अंगणांत तें निशाण उभें राहिलें ते पॉनी लोक 1870 नंतरच्या दशकांतच आजच्या ओक्लाहोमांत गेले होते. उत्खननांत त्यांच्या पूर्वजांच्या अस्थिही निघून संग्रहांत पडल्या. त्या परत मिळविण्यासाठीं पॉनींस झगडावें लागलें व 1989 मध्यें नेब्रास्कानें त्यासाठीं कायदा केला. ज्या शोधानें लेखांतील चूक उघड केली, त्याच शोधानें थडगींही उकरलीं, हें संग्राहकांनीं विसरूं नये.

म्हणून स्मारकलेखाची नक्कल उतरून घेतांना केवळ मजकूर टिपून थांबूं नये. तो कोणीं, कोणत्या सालीं, कोणत्या कागदांच्या आधारें व कोणाच्या खर्चानें लिहविला, आणि त्यांत कोणाचें नांव गाळलें, हेंही शेजारीं नोंदवावें. एवढें केलें कीं चुकीचा दगडही इतिहासाच्या उपयोगी पडतो.